पुस्तक द्यावं, परत मागू नये
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येक सदनिकेला भिंतीवरचं घड्याळ द्यावं, अशी सूचना आली आहे. घड्याळ कोणाकडे नाही? मी दुसरी सूचना मांडतो. त्याच पैशातून आपल्या मागच्या महापालिका शाळेतल्या मुलांना गोष्टींची पुस्तकं देऊ. आपल्या वॉचमनची, घरकामाला येणाऱ्या बायकांची मुलं तिथंच शिकतात.

काहीजण म्हणतील, सरकार पुस्तकं फुकट देतंच की! खरं आहे. अशा शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. पण पाठ्यपुस्तकामागे परीक्षा उभी असते. गोडी लागते ती गोष्टीनं. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता आला. पाहणी खेड्यांतली असली, तरी शहरात राहून आपण निश्चिंत बसावं असं नाही.

शाळेत पुस्तकांचं कपाट असतं, पण पुष्कळ ठिकाणी त्याला कुलूप असतं. दोष शिक्षकांचा नाही. पुस्तक नोंदवहीत चढलेलं. हरवलं तर तपासणीत उत्तर कोण देणार? बँकेत ३५ वर्षं काढल्यामुळे ही भीती मी ओळखतो. म्हणून पुस्तकं कपाटाला नकोत, थेट मुलांच्या हातात द्यायची. पहिल्या पानावर त्या मुलाचं नाव. पुस्तक घरी गेलं की धाकटी बहीण चित्रं बघते, आई कामातून ऐकते. फाटलं, तर वापरलं गेलं असं समजायचं. जन्मभर मी दिलेलं परत मागत आलो. हे कर्ज नव्हे.

दोन गोष्टी मात्र पाळू. माळ्यावरची गाईडं आणि अर्धवट भरलेल्या वह्या द्यायच्या नाहीत. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची मराठीत छान चित्रमय पुस्तकं आहेत. ती टेबलावर मांडू, निवड मुलांची. दुसरं, आपल्यातल्या चार-पाच ज्येष्ठांनी महिन्यातून एक शनिवार शाळेत बसून मुलांचं वाचन ऐकायचं. नुसतं पुस्तक दिल्यानं वाचता येत नाही. अडखळणाऱ्याला घाई न करता ऐकणारं माणूस लागतं, आणि आपल्याकडे वेळ आहे.

आता हिशेब. ४८ सदनिका, घड्याळाचे प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे २४,००० रुपये. पुस्तकाला सरासरी ६० रुपये धरले तर ४०० पुस्तकं होतात. शाळेचा पट २०० च्या आत आहे. प्रत्येक मुलाला दोन पुस्तकं सहज येतील.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. सूचक मिळाला, अनुमोदक हवा आहे. आत्ताच हात वर केलात तरी चालेल.