पहिली स्पोर्ट्स बाईक: वीसच्या स्पीडला कशी चालते ते आधी बघा

आज गेस्ट नाही, मी एकटाच आहे. गेले काही आठवडे तुमच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न येतोय: "दादा, पहिली स्पोर्ट्स बाईक कुठली घेऊ?" नाव एका सेकंदात सांगता येईल. पण मग तुम्ही माझी बाईक घ्याल, तुमची नाही. म्हणून मी कुठली घेणार होतो आणि शेवटी कुठली घेतली, ते सांगतो.

मला केटीएम आरसी ३९० हवी होती. इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरपासून लॅपटॉपचा वॉलपेपर तीच. कंपनी ऑस्ट्रियाची, पण बाईक आपल्या चाकणला बनते, याचाही एक वेगळाच अभिमान. ३७३ सीसी, साडेत्रेचाळीस पीएस, वजन १७२ किलो. हे आकडे मला आधार नंबरपेक्षा जास्त पाठ होते. आणि तोवर मी चालवत काय होतो? अ‍ॅक्टिव्हा. मधूनमधून बाबांची जुनी स्प्लेंडर.

टेस्ट राईडला गेलो. शोरूमच्या बाहेर छोटासा उतार, तिथून वळून रस्त्यावर लागायचं. हँडल पूर्ण उजवीकडे वळलेलं, समोरून रिक्षा आली, मी पुढचा ब्रेक कचकन दाबला. संपला विषय. बाईक उजवीकडे कलली, मी पाय टेकवला, पण १७२ किलो एका पायावर थांबत नाहीत. स्पीड किती असेल? चालणारा माणूस पुढे गेला असता. लिव्हर वाकला, फेअरिंगला ओरखडा. सोबतचा मुलगा बाईक उचलत म्हणाला, "होतं सर, पहिल्यांदा होतं." लिव्हरचे पैसे भरले आणि घरी काही बोललो नाही.

चूक बाईकची शून्य टक्के होती, हे आधीच सांगतो. स्पोर्ट्स बाईकचं हँडल खाली आणि आखूड असतं, स्कूटरएवढं वळत नाही, त्यामुळे यू-टर्नला जागा जास्त लागते. शरीराचा भार पुढे असतो. आणि हँडल वळलेलं असताना हळू स्पीडला पुढचा ब्रेक दाबला की बाईक त्याच बाजूला आडवी होते. अशा वेळी मागचा ब्रेक हलका धरायचा आणि क्लच अर्धा सोडून बाईक ओढत ठेवायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. रिव्ह्यूच्या व्हिडिओत शून्य ते शंभर किती सेकंदांत ते सांगतात, यू-टर्न कोणी दाखवत नाही.

मग डोक्यातला डेव्हलपर जागा झाला. म्हटलं, डेटा काढू. दोन आठवडे फोनवर जीपीएस लॉग चालू ठेवून ऑफिसला गेलो, कोथरूड ते हिंजवडी. सरासरी स्पीड आली २३. तेवीस! साठच्या वर मी एका फेरीत चार मिनिटंही नव्हतो. पुढे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवरही बंदी. म्हणजे ज्या स्पीडसाठी मी कर्ज काढणार होतो, ती चालवणार कुठे? वाकडच्या सिग्नलला?

वीकेंडचं म्हणाल तर ताम्हिणी. तिथे वळणं आहेत, पावसात दगडगोटे आहेत, आणि वळणापलीकडे म्हैस आहे. एक साधं गणित करा. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारणारा माणूस साठवरून थांबायला साधारण २३ मीटर घेतो. शंभरवरून? तेवढ्याच ताकदीने ब्रेक मारला तर ६४. वेग पावणेदोन पटही नाही, पण अंतर पावणेतीन पट, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. आणि मेंदूला कळून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी २८ मीटर जातात. म्हशीला हे माहीत नसतं.

यातलं सगळं कळूनही मी कदाचित ३९०च घेतली असती. खरं सांगतो. ठरलं ते रूममेटमुळे.

त्याच्याकडे नेकेड बाईक होती, चांगली चालवायचा. एका रविवारी टी-शर्ट आणि चप्पल घालून दूध आणायला निघाला. बाणेरला वळणावर बांधकामाची वाळू सांडली होती, तिथे घसरला. स्पीड जेमतेम चाळीस. हाड एकही मोडलं नाही, पण उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत गेली, दोन्ही तळवे सोलले. लातूरहून त्याची आई आली आणि तीन आठवडे त्याला हाताने भरवत होती. सव्वीस वर्षांचा मुलगा, टीम लीड. तो मान खाली घालून जेवायचा, मी समोर बसलेलो असायचो.

त्या तीन आठवड्यांत माझी एक्सेल शीट बदलली. आधी सगळ्यात वर बाईक होती आणि खाली "उरले तर गिअर" असं लिहिलं होतं. मी ती ओळ वर नेली. हेल्मेट आठ हजार, जॅकेट नऊ, ग्लव्हज तीन, बूट दहा. तीस हजार आधी बाजूला. हेल्मेटवर आयएसआय लागतोच, त्यासोबत ईसीई २२.०६ असेल तर उत्तम. जॅकेटच्या आत लेबलवर सीई आणि एए लिहिलंय का बघा. नुसतं काळं आणि दणकट दिसणारं जॅकेट फोटोपुरतं असतं.

राहिलेल्या पैशांत मी यामाहा आर१५ घेतली. १५५ सीसी, १८.४ पीएस, साधारण १४२ किलो. ३९०पेक्षा तीस किलो हलकी, म्हणजे कलली तर सावरायचा चान्स असतो. माझी उंची पाच फूट सात, सीट ८१५ मिलिमीटर, दोन्ही पायांचे चवडे टेकतात. दुसऱ्या क्लासमध्ये अपाचे आरआर ३१० आहे, निन्जा ३०० आहे, सुंदर बाईक आहेत. आधी दोनेक वर्षं गिअरची बाईक रोज चालवली असेल तर जरूर बघा.

तोटा लपवत नाही. आर१५ची ताकद वर, दहा हजार आरपीएमला आहे. मागे मित्र बसवून खंबाटकी चढताना ट्रकला ओव्हरटेक करायचं तर दोन गिअर खाली यावं लागतं, तरी धाप लागते. पहिले दोन आठवडे मनगटं दुखली, कारण मी हँडलवर रेलत होतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची आणि पोट आवळून बसायचं, मग हात मोकळे राहतात. शोरूममध्ये लाज न बाळगता पंधरा मिनिटं तसंच बसून बघा.

पैशांचं पटकन सांगतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आहे, त्याच्या वर ४०. नव्या बाईकला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. २०२२च्या दरांनी १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये, त्यावर गेलात की १५,११७. म्हणजे ३५०ची रेघ ओलांडताना फक्त इंजिन वाढत नाही. कोटेशनमध्ये "हँडलिंग" नावाची ओळ दिसली तर हे कशाचं, असं विचारा. माझ्या कोटेशनमध्ये होती. विचारल्यावर गेली.

डिलिव्हरीच्या दिवशी आई आली होती. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. मग तिने मागची सीट हाताने चाचपून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे बसायला आहे की पर्स ठेवायला?" शेवटी बाबांनी तिला स्प्लेंडरवर घरी नेलं, आणि मी त्यांच्या मागे, पंचवीसच्या स्पीडने.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. त्यात सेकंडहँड बाईक कशी तपासायची ते बघू. तोवर एक काम करा, लिव्हरची टोकं बघायला शिका. घासलेली असतील तर बाईक पडलेली आहे, मालक काहीही म्हणो.