यंत्र बोलते, पण वाचायचे कोणी?

(बोर्ली पंचतन येथे प्रौढ साक्षरता वर्गांच्या स्वयंसेवकांपुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या रायगड जिल्ह्याचे आणि मराठी अक्षराचे नाते फार जुने आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो. आपल्या शेजारच्या दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा. ज्या किनाऱ्यावर हजार वर्षांपूर्वी मराठीत लेख कोरले गेले, त्याच किनाऱ्यावर आजही एखादी भगिनी बचत गटाच्या वहीत आपले नाव दुसऱ्याकडून लिहून घेते. ही खंत मनात आहे म्हणूनच आपण येथे जमलो आहोत.

प्रौढांच्या वर्गात संगणक आणि मोबाईल कसे वापरावेत, हा आजचा विषय. आरंभीच एक अप्रिय गोष्ट सांगतो. अंगठा सोडा, सही करा, असे साक्षरता चळवळीने अर्धशतकाहून अधिक काळ सांगितले. 1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे. आता आधारशी जोडलेल्या खात्यातून गावातच पैसे काढता येतात आणि त्यासाठी यंत्रावर पुन्हा बोटच टेकवावे लागते. सोय उत्तम आहे, श्रीवर्धनची खेप वाचते. परंतु पावतीवर 500 छापले आहेत की 5000, हे ज्या माउलीला वाचता येत नाही, तिचा व्यवहार सर्वस्वी समोरच्याच्या प्रामाणिकपणावर चालतो. पूर्वी अंगठा उठवताना संकोच वाटे. यंत्राने तो संकोच नाहीसा केला आणि त्याबरोबर शिकण्याची निकडही. मोबाईलचेही तसेच आहे. बोलून निरोप पाठवता येतो, चित्र पाहून माणूस ओळखता येतो, न वाचता दिवस निभावतो. वर्गात यंत्र आणले की शिक्षण आपोआप होईल, या भ्रमात आपण राहू नये.

मग यंत्राचा उपयोग काय? याचा गंभीर विचार आपल्या देशात झालेला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांच्या प्रेरणेने 2000 साली संगणकाधारित साक्षरतेचा उपक्रम सुरू झाला, प्रथम तेलुगूत आणि पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत. मुळाक्षरांपासून आरंभ केला तर प्रौढ माणूस कंटाळतो आणि वर्ग सोडतो, हे त्यामागचे निरीक्षण होते. म्हणून पडद्यावर ओळखीचा शब्द येई, त्याचा उच्चार ऐकू येई, चित्र दिसे आणि मग त्या शब्दाचे तुकडे होऊन अक्षरे सुटी होत. सुमारे 40 तासांत साधे वर्तमानपत्र वाचता यावे, हे उद्दिष्ट होते. त्यासाठी कचेऱ्यांनी बाजूला टाकलेले जुने संगणकही चालत. मात्र भर वाचनावर होता, लेखन मागे राही. ही मर्यादा आपण ध्यानात ठेवली पाहिजे. केंद्र शासनाच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची, म्हणजे ‘उल्लास’ची, चाचणी 150 गुणांची असते. त्यातील वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या तिन्हींना प्रत्येकी 50 गुण आहेत. स्वयंसेवक व शिकणारे यांची नोंदणी अ‍ॅपवर होते, परंतु उत्तरे कागदावरच लिहावी लागतात. बोटाने पडदा सरकवणारा हात पेन्सिल धरताना थरथरतो. तेव्हा वहीला सुट्टी नाही.

आता आपल्या हातातल्या साधनाकडे वळू. आजच्या मोबाईलला मराठीत बोललेले ऐकून अक्षरे उमटवता येतात. माझ्या मते प्रौढ वर्गासाठी याहून मोलाची सोय नाही. भरडखोलच्या एखाद्या कोळीण भगिनीला म्हणावे, आज बाजारात काय झाले ते सांगा. ती म्हणेल, “आज बांगडा स्वस्त गेला.” तेच वाक्य पडद्यावर येते. तिचेच वाक्य, तिचाच अनुभव. काय लिहिले आहे हे तिला आधीच ठाऊक असल्याने वाचनाचे भय उरत नाही, फक्त बांगडा कुठे आणि स्वस्त कुठे, एवढेच शोधायचे. आपल्या किनाऱ्यावरची बोली यंत्राला नेहमी उमगत नाही, ते भलतेच काही लिहून ठेवते. तेव्हा हसू द्या. यंत्राची चूक विद्यार्थिनीने सुधारणे, हा तर त्या दिवसाचा उत्तम पाठ.

दोन पथ्ये मात्र पाळा. मोबाईल तिच्या हातात असू द्या, तुमच्या नको. बटण चुकले तरी ओढून घेऊ नका. आणि लहान मुलांसाठी केलेली नाचरी चित्रे साठ वर्षांच्या आजीपुढे लावू नका. शेजारच्या बाकावर तिची सून बसलेली असते. ज्या बाईने सुपारीची वाडी सांभाळली, चार लग्ने पार पाडली, तिला बालवाडीत बसवणे हा तिचा अवमान आहे. त्यापेक्षा तिला पाठ असलेल्या गाण्याचे शब्द पडद्यावर लावा. 1999 साली गुजराती दूरदर्शनवर चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतील ओळी दाखवण्याचा प्रयोग झाला, त्याचे सूत्र हेच होते.

आणखी एक. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या तालुक्याची वाताहत केली. वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली आणि मोबाईल मुके झाले. ज्या वर्गाचा सारा भार यंत्रावर, तो अशा वेळी बंदच पडेल. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी 2016 साली ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, ती पाटी-पेन्सिलीवर. पोथी स्वतः वाचता यावी, ही आजींची इच्छाच त्या शाळेचे बळ होती. ती इच्छा कोणत्याही अ‍ॅपमध्ये मिळत नाही. ती घरोघर जाऊन ओळखावी लागते.

तेव्हा पहिल्या दिवशी प्रत्येकीला घरातला एक कागद आणायला सांगा. विजेचे बिल, पासबुक, नातवाचे प्रगतिपुस्तक, काहीही. मोबाईलने त्याचे छायाचित्र घ्या, दोन बोटांनी मोठे करा आणि आपले नाव, रक्कम, तारीख तिलाच शोधू द्या. अक्षर मोठे केल्याबरोबर काहीजणी वाचू लागतील, असे दिसेल. त्या निरक्षर नव्हेत, त्यांना चष्मा हवा आहे. त्यांची नावे वेगळी टिपून ठेवा आणि त्याच आठवड्यात त्यांच्या नेत्रतपासणीची व्यवस्था करा.