गुरांच्या रक्तातील दप्तर

अध्यक्षमहाराज, मानववैद्यक आणि पशुवैद्यक या दोन्ही शास्त्रांतील विद्वज्जनहो, आणि गुरे राखणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

आषाढी एकादशीला जेथे विठ्ठलाचा रथ निघतो, त्या पिंप्राळ्याच्या वतीने मी या परिषदेत आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

ज्या रोगासाठी आपण जमलो आहोत, त्याची हकीकत अशी. २०११ च्या जानेवारीत गुजरातेतील साणंद तालुक्यातील एक स्त्री क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वराने दगावली, तिच्यामागून तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने भारतात या रोगाचे निदान प्रथमच पक्के केले. त्या गुजरातची सरहद्द आमच्या खानदेशातील नवापुरास लागून आहे. काठेवाडी गाई आणि ठेलाऱ्यांची मेंढरे यांच्या वाटा तालुक्यांच्या हद्दी पाहून आखलेल्या नाहीत.

या रोगाने गुरे आजारी पडत नाहीत, हीच खरी अडचण आहे. माय म्हशीच्या कासेची टंच भरलेली गोचीड चिमटीने उपटते आणि दगडावर नखाने चिरडते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. गोचिडीतला विषाणू भेगाळलेल्या बोटांतून शरीरात शिरू शकतो तो नेमका याच क्षणी, आणि समोर म्हैस मात्र स्वस्थपणे रवंथ करीत असते. तथापि तिच्या रक्तात प्रतिद्रव्ये उरतात, आणि माणूस अंथरुणास खिळण्यापूर्वी धोक्याचा दाखला देणारे दप्तर तेवढेच आहे. पुण्याच्या संस्थेने देशभर केलेल्या पाहणीत गाईम्हशींपेक्षा शेळ्यामेंढ्यांत अशी प्रतिद्रव्ये अधिक प्रमाणात आढळली, ही गोष्ट मेंढपाळांच्या या मुलखाने विशेष ध्यानात घ्यावी.

मात्र माझी एक आग्रहाची विनंती आहे. बाजारातून आणलेल्या जुळलेल्या, म्हणजे सगळे पक्के दात आलेल्या, बैलाच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडली, तर विषाणूशी त्याची गाठ कोणत्या गावी पडली हे त्या रक्तावरून कळत नाही. परंतु आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये ओसरल्यावर, याच गोठ्यात जन्मलेल्या आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या, वासरात ती सापडली, तर विषाणू आपल्याच शिवारात फिरतो आहे असे समजावे. म्हणून रक्ताच्या प्रत्येक नळीबरोबर जनावराचे दात, त्याचे जन्मगाव, खरेदीचा बाजार आणि चराईची वाट यांची हकीकत लिहिली जावी. तिच्याविना रोगाच्या नकाशावर रंग चढेल, पण तो भलत्याच गावावर. आणि ही हकीकत गुराख्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. त्याला साक्षीदाराचा मान द्यावा, त्याच्या कळपावर दोष ठेवू नये, आणि तपासणीचा निकाल प्रथम त्याच्याच हाती द्यावा.

आमच्या पशुपालकांनी आपली वासरे दाखविण्याचे कबूल केले आहे. उद्या सकाळी धार काढून झाली की गोठे आपल्यासाठी खुले असतील. आता अध्यक्षमहाराजांनी स्थानापन्न होऊन परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.