जठराची खिडकी

पानांतील अन्न पोटांत गेलें म्हणजे भूक शमते, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु आंत त्याचें होतें काय, हें दोनशें वर्षांपूर्वीं मोठमोठ्या वैद्यांसही निश्चित सांगतां येत नव्हतें. कोणी म्हणे, जठर अन्न जात्याप्रमाणें दळतें. कोणी म्हणे, तें तेथें कुजतें. आपल्याकडे जठराग्नि हा शब्द फार प्राचीन. पण तो अग्नि प्रत्यक्ष कोणीं पाहिला होता? हा वाद मिटण्यास एक अपघात कारण झाला.

ता. ६ जून १८२२ रोजीं अमेरिकेंतील मॅकिनॉ बेटावर कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या दुकानांत बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुण कॅनेडियन नोकराची डावी कूस फाटली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनीं त्याचे प्राण वांचविले. मात्र जखम भरतांना जठराचें छिद्र कातडीशीं जुळून कायमचें उघडें राहिलें.

१८२५ सालीं बोमाँट यांनीं प्रयोग आरंभिले. मांस, शिळा पाव व कच्चा कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्यास बांधून ते छिद्रांतून आंत सोडीत व ठराविक वेळानें ओढून पाहत. पहिल्या तासाअखेर पाव व कोबी निम्मे विरले होते. मांस जसेंच्या तसें होतें. पुढें त्यांनीं जठरांतील रस कुपींत काढून शरीराइतक्या उष्णतेंत ठेविला, तों कुपींतही मांस हळूहळू विरघळलें! म्हणजे जठर तें नुसतें घुसळतें. अन्न विरघळवितो तो आम्ल रस. त्यांतील पेप्सिन हें द्रव्य थिओडोर श्वान यांनीं १८३६ सालीं शोधिलें. सेंट मार्टिन संतापला म्हणजे त्याचें पचन बिघडे, हेंही बोमाँट यांनीं नोंदविलें. पानावर बसून तंटा करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

अर्थात् जठरानें पचन संपत नाहीं. पुढें सुमारें वीस फूट लांबीच्या लहान आंतड्यांत यकृताचें पित्त व स्वादुपिंडाचा रस मिसळतो. अन्नाचें सत्त्व तेथेंच रक्तांत शोषलें जातें. उरलेलें बरेंचसें पाणी मोठें आंतडें शोषून घेतें.

बोमाँट यांचा ग्रंथ १८३३ सालीं प्रसिद्ध झाला व त्यांची कीर्ति पसरली. सेंट मार्टिनच्या वांट्यास मात्र अन्न, वस्त्र व वार्षिक १५० डॉलरांचा करार आला. तो कंटाळून वारंवार घरीं निघून जाई. १८८० सालीं तो वारला, तेव्हां डॉक्टरांनीं प्रेत फाडूं नये म्हणून घरच्यांनीं तें कुजेपर्यंत ठेवून मग खोल पुरलें. पचनाचें जें ज्ञान आज शाळेंतील मुलासही सुलभ आहे, त्याचें मोल एका गरीब मजुरानें आपल्या देहानें दिलें आहे. तें ज्ञान सांगतांना त्याचें नांव गाळूं नये.