सेवाग्रामची वसंतफेरी



ऐतिहासिक स्थळ पाहावयास गेलेला माणूस सहसा वास्तू पाहतो आणि परत फिरतो. सेवाग्राम आश्रमातही बहुतेकांची हीच रीत दिसते. आदिनिवास, बापूकुटी, बा-कुटी आणि आखरी निवास पाहिले की यात्रा सफळ झाली असे मानले जाते. ज्या वृक्षांच्या सावलीत या कुट्या उभ्या आहेत, त्यांच्याकडे क्वचितच कोणाची नजर वळते. पाहुण्यांना सोबत घेऊन वृक्षांची ओळख करून देणारा स्वयंसेवक ही उणीव भरून काढू शकतो. आणि अशा फेरीसाठी फाल्गुन-चैत्राइतका योग्य काळ नाही.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी येथे राहावयास आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते व त्याची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० साली 'सेवाग्राम' हे नाव रूढ झाले. एप्रिलअखेरचे वऱ्हाड-वर्ध्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना येथे सावली निर्माण करणे ही पहिली गरज का होती, हे निराळे सांगावयास नको.

फेरीचा आरंभ प्रार्थनाभूमीवरील पिंपळापासून करावा. हा पिंपळ गांधीजींनी १९३६ मध्ये लावला. फाल्गुनात त्याची पाने गळतात आणि थोड्याच दिवसांत तांबूस, कोवळी पालवी उन्हात लकाकू लागते. पाहुणे आठवण म्हणून पान तोडू लागले, तर स्वयंसेवकाने खाली पडलेले पान उचलून त्यांच्या हाती द्यावे. नुसत्या मनाईपेक्षा हा उपाय अधिक चालतो. तेथून कस्तुरबांनी लावलेल्या बकुळीकडे वळावे. पिंपळ पर्णहीन होतो तेव्हाही बकुळ हिरवीगार असते. दोन वृक्षांच्या स्वभावातील हा भेद मुलांच्या ध्यानी चटकन येतो. एव्हाना कडुनिंबाला मोहोर आलेला असतो व कुठूनसा तांबट पक्ष्याचा टुक् टुक् आवाज ऐकू येतो.

बापूकुटी ही मूळची मीराबेन यांची. तिच्या भिंतीवर त्यांनी मातीत उठविलेली ताडाची झाडे आजही पाहावयास मिळतात. साप पकडून ठेवण्याची पेटीही आश्रमात जपलेली आहे. पकडलेला साप मारीत नसत, दूर रानात नेऊन सोडीत. वन्य जीवांविषयी व्याख्यान देण्यापेक्षा ही पेटी दाखविणे शिक्षकांना अधिक उपयोगी पडेल.

आता थोडे कठीण बोलावयाचे. कुटीची भिंत दर वर्षी लिंपता येते, कौले बदलता येतात. वृक्ष मात्र एकदा गेला की त्याच वयाचा दुसरा आणता येत नाही. वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी २०२० मध्ये जुनी झाडे तोडण्यात आली, तेव्हा नागरिकांनी तीव्र हरकत घेतली. रस्ता हवा हे खरेच. परंतु कोणते झाड केव्हाचे, याची नोंद आधीच गावच्या दप्तरी असती, तर वाद कुऱ्हाड पडण्यापूर्वी झाला असता. राज्याच्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक वर्षे वयाच्या वृक्षांना 'वारसा वृक्ष' मानण्यात आले. तथापि तो कायदा नागरी क्षेत्रापुरता असल्याने खेड्यांतील वृद्ध वृक्षांची जबाबदारी मुख्यतः गावावरच येते.

त्यासाठी साधनही आहे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक संस्थेच्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. पंचायत सदस्यांनी तीत जुन्या झाडांसाठी पाने राखून ठेवावीत. वसंतफेरीत विद्यार्थ्यांनी जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजावा. जात, जागा, लावणाऱ्याचे नाव व साल ठाऊक असल्यास लिहावे, ठाऊक नसल्यास रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने भरलेले साल पुढे पुरावा म्हणून पुढे येते आणि घोटाळा होतो. खोडात ठोकलेला खिळा, बुंध्याभोवती टाकलेले काँक्रीट, वाळवीचे वारूळ यांचीही नोंद त्याच वहीत व्हावी, म्हणजे पुढच्या वसंतात काय सुधारले ते ताडून पाहता येईल.

फेरी सकाळी सातच्या आत सुरू करावी आणि मोजपट्टीसोबत पाण्याची सुरई घ्यावी. नऊनंतर वर्ध्याचे ऊन कोणालाच फार वेळ उभे राहू देत नाही.