रूपकुंडाच्या काठी
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मरीनाच्या वाळूवरील फेरफटक्यापलीकडे ज्यांच्या पायांना सवय नाही, त्यांनी हिमालयातील सरोवराविषयी बोलावे हा थोडा आगाऊपणाच होय. तरीही २०१२ च्या सप्टेंबरात मंडळातील आम्ही सहा जण रूपकुंडास गेलो, त्याची ही हकीकत.

काठगोदामपर्यंत आगगाडी, तेथून मोटारीने लोहाजंग, आणि पुढे पायवाट. ओक व बुरांसाचे रान संपले, की वृक्षरेषेवरील कुरणे लागतात. त्यांना तिकडे 'बुग्याल' म्हणतात. वेदिनी बुग्यालातून ७,१२० मीटर उंचीचा त्रिशूळ दिसला आणि आमच्यातील बोलकेही गप्प झाले. त्यापुढचा मुक्काम पातर नाचौनीचा. कनौजचा राजा जसधवल नंदादेवीच्या यात्रेस नर्तकींसह निघाला, देवी कोपली आणि गारांच्या वर्षावात सारे गारद झाले, अशी आख्यायिका त्या नावामागे आहे.

भगुवाबासाला एका सोबत्यास विरळ हवेचा त्रास झाला. दुसऱ्याने त्याला घेऊन खाली उतरावे, असे ठरले. शिखराचा मोह सोडून मित्रासाठी परतणारा तो आमच्यातला खरा गिर्यारोहक, असे आजही वाटते. उरलेले चौघे पहाटेच्या अंधारात निघालो. दिवस चढला की बर्फ मऊ होऊन पाय घसरतो.

सुमारे ५,००० मीटर उंचीवर, खडकांच्या वाटीत ते लहानसे हिरवट पाणी होते. काठावर माणसांची हाडे पसरली होती. १९४२ साली एका वनरक्षकाने ती प्रथम पाहिली. येणारे जाणारे 'आठवण' म्हणून त्यांतली उचलून नेत आले. सांगताना संकोच वाटतो, पण आमच्यातील एकानेही एक लहान हाड खिशात घातले. वाटाड्याने ते पाहिले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "बाबूजी, हाही कुणाच्या तरी घरचा माणूस होता." हाड जागेवर गेले. परतीच्या वाटेवर कुणी फारसे बोलले नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनी कवट्यांवरील जखमा अभ्यासून मोठ्या गारांचा मारा हे कारण सुचविले होते. पुढे हे मृत कोकणस्थ असावेत असा तर्कही छापून आला, आणि आमच्या मंडळात 'आपलीच माणसे' म्हणून त्यावर चर्चा रंगली. २०१९ च्या संशोधनाने चित्र पालटले. तपासलेल्या ३८ जणांपैकी २३ जण भारतीय उपखंडातील निरनिराळ्या समूहांचे. तेही एकाच वेळी मेलेले नव्हेत. १४ जण पूर्व भूमध्य प्रदेशातील वंशाचे, आणि तेही सुमारे हजार वर्षांनंतरचे. एक आग्नेय आशियातला. म्हणजे गारांची एकच कथा साऱ्यांना पुरत नाही. ते भूमध्यवासी तेथे का आले, हे कोडे सुटलेले नाही.

२०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. आम्हीही त्या कुरणांवर तंबू ठोकले होते. त्या तुडवणुकीत आमचाही वाटा होता, हे कबूल केले पाहिजे.

मंडळींनो, तंजावरच्या मराठ्यांपासून आपणापर्यंत, या प्रांतातील मराठी माणूस घर सोडून आलेला आहे. परक्या भूमीत 'आपला कोण' हे शोधण्याची ओढ आपल्याला स्वाभाविक आहे. परंतु रूपकुंडाच्या काठी तो प्रश्नच फोल ठरला. आपला असो वा नसो, तो कुणाच्या तरी घरचा होता. पन्नास वर्षांच्या या घराने एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.