आमच्या गल्लीतला हिवाळा

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू अमेरिकेतल्या बर्फावर बोल, लोकांना ऐकायला आवडतं." तर पहिली दुरुस्ती अशी, की मी अमेरिकेत नाही, कॅनडात राहते, मॉन्ट्रियल शहरात. भूगोलाच्या बाई समोरच बसल्यात, म्हणून आधीच सांगून टाकते. दुसरं म्हणजे, मी सॉफ्टवेअरवर काही बोलेन अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती सोडून द्या. वर्षभर तेच करते. आज मला बोलायचं आहे ते साध्या जाण्यायेण्याबद्दल. दूध आणायला, बस पकडायला, मुलीला शाळेत सोडायला आम्ही चार महिने बर्फातून कसे जातो, आणि कुणाच्या भरवशावर जातो.

आपण चिपळूणचे. पावसाचं आपल्याला कुणी शिकवायला नको. मे महिन्यात घरोघरी आगोटीची जी धांदल असते, तशीच तिकडे नोव्हेंबरात असते. कुंड्या आत, फावडं दाराशी, मिठाची गोणी जिन्याखाली. गाडीचे टायर बदलायचे, कारण १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं आमच्या क्वेबेक प्रांतात कायद्यानेच सक्तीचं आहे. ज्यांच्या घरापुढे जागा आहे ते गाडीसाठी लोखंडी सांगाड्यावर पांढरं कापड ताणून चक्क मांडव घालतात. माझ्या आईने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "कुणाकडे लग्न आहे गं?"

आपल्या भाषेत बर्फ म्हटलं की गोळ्याचा बर्फ, नाहीतर हिमालयातला. तिकडे एका आठवड्यात चार तऱ्हेचा बर्फ तुडवावा लागतो. पहिल्या दिवशीचा रव्यासारखा कोरडा, त्यावर पाय ठेवला की करकर वाजतो. मग गाड्यांनी मळलेला, तपकिरी, चिखलाच्या जातीचा. मग मध्येच एखाद्या दिवशी तापमान शून्याच्या वर जातं, पाऊस पडतो, आणि रात्री पुन्हा गोठतं. त्यातून जी काच तयार होते ती सगळ्यांत वाईट. तिच्यावरून चालायचं ते पेंग्विनसारखं, गुडघे सैल, पावलं छोटी, तळवा सपाट. मी बावीस वर्षं चालतेय, तरी दर हिवाळ्यात एकदा तरी बसतेच. आईसाठी आम्ही बुटाखाली ओढून घालायचे लोखंडी काटे आणले होते. साडी, साडीखाली लोकरी पायजमा, वर गुडघ्यापर्यंतचा कोट, बुटांना काटे. या थाटात ती भाजी आणायला निघाली की अख्खी गल्ली तिला हात करायची.

विज्ञानाच्या सरांना एक सांगायचं आहे. सर, तुम्ही आठवीत आम्हाला लाकडी पिंपातलं आइस्क्रीम करून दाखवलं होतं. बर्फात खडेमीठ का घालायचं, मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली कसा येतो, ते समजावलं होतं. आमच्यातल्या निम्म्यांचं लक्ष आइस्क्रीमकडे होतं. पण तो धडा मी दर हिवाळ्यात जिन्यावर गिरवते. फक्त त्याला एक पुरवणी आहे: उणे १५च्या खाली मीठ फारसं चालत नाही. तेव्हा महापालिका रस्त्यावर बारीक खडी टाकते. ती बर्फ वितळवत नाही, नुसती पायाला पकड देते.

महापालिकेच्या कामाबद्दल मात्र मी थोडी वाहवत जाणार आहे, कारण अभियंत्याला त्यात आनंद वाटतो. मॉन्ट्रियलमध्ये हिवाळाभरात सरासरी दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो, आणि शहर लाखोंच्या वस्तीचं. इतर कितीतरी ठिकाणी बर्फ रस्त्याच्या कडेला लोटतात आणि वितळायची वाट बघतात. इथे तो उचलून नेतात. अडीच सेंटिमीटर साचला की नांगर लावलेली वाहनं निघतात. आधी मोठे रस्ते, बसचे रस्ते, हॉस्पिटलं आणि शाळांच्या आजूबाजूचे, मग आमच्यासारख्या गल्ल्या. फुटपाथसाठी वेगळी छोटी यंत्रं आहेत, ती पहाटे खिडकीखालून धडधडत जातात. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या वर गेलं की कडेच्या ढिगांत नारिंगी पाट्या खोचल्या जातात: अमुक वेळेत या बाजूला गाडी लावू नका. मग रात्री भोंगा वाजवत टोइंगचा ट्रक येतो. तो भोंगा म्हणजे शेवटची सूचना. मी कितीतरी शेजाऱ्यांना पायजम्यावर कोट चढवून, हातात किल्ली घेऊन धावताना पाहिलंय. जो धावत नाही त्याची गाडी उचलून जवळच्याच दुसऱ्या गल्लीत ठेवतात, वर दंड. सकाळी ती कुठल्या गल्लीत ठेवली आहे ते शोधायचं.

त्यानंतरचा देखावा मात्र बघण्यासारखा. एक यंत्र तो ढीग गिळतं आणि उंच नळीतून शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकतं. ट्रक भरला की पुढे, मागून दुसरा. गल्ली पंधरा मिनिटांत मोकळी. हा बर्फ पूर्वी सेंट लॉरेन्स नदीत टाकायचे, पण त्यात मीठ, तेल आणि रस्त्यावरची सगळी घाण असते, म्हणून ते बंद झालं. आता काही भाग ठरावीक ठिकाणी सांडपाण्याच्या वाहिन्यांत ढकलतात आणि बराचसा साँ-मिशेल भागातल्या एका जुन्या दगडखाणीत नेऊन टाकतात. तिथला काळा डोंगर आम्ही टी-शर्ट घालून फिरतो तेव्हाही शिल्लक असतो. कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूचं काम कधी आहे, ही माहिती महापालिका सर्वांसाठी खुली ठेवते. मी त्यावर एक छोटासा प्रोग्रॅम लिहिलाय. आमच्या गल्लीची वेळ लागली की तो शेजाऱ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकतो. नोकरीत लिहिलेल्या कुठल्याही ओळींपेक्षा त्या साठ ओळींचं कौतुक जास्त झालं.

मेट्रोचं तर काही बिघडतच नाही. १९६६ साली ती सुरू झाली तेव्हापासून तिची चाकं रबरी आहेत आणि ती सगळीच्या सगळी जमिनीखालून धावते. डाउनटाउनमध्ये स्टेशनं, दुकानं, कचेऱ्या भुयारांनी जोडलेल्या आहेत, तीस किलोमीटरच्या वर. त्यामुळे मॉन्ट्रियलचा हिवाळा खरा कठीण कुठे असेल, तर घराचं दार ते मेट्रोचं दार एवढ्या पट्ट्यात. आणि त्या पट्ट्यातली शेवटची दहा पावलं कुठलीच महापालिका साफ करत नाही. आमच्या विलरे भागात दोन-तीन मजली विटांची घरं आहेत आणि वर जायचे लोखंडी जिने घराच्या बाहेर, काही तर वळणदार. उन्हाळ्यात त्यांचे फोटो काढायला लोक येतात. जानेवारीत ते जिने ज्याचे त्याने झाडायचे, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. ज्याला फावडं उचलत नाही त्याचा जिना कोण झाडणार, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

आता आईबद्दल. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत. मी पाहिलं ते फोनच्या पडद्यावर, तोही रेंज असेपर्यंत. बाबा आधीच गेले होते. त्यानंतर माझा एकच हट्ट होता, आईने माझ्याकडे यायचं आणि कायमचं यायचं. पालकांना एका खेपेला पाच वर्षं राहता येईल असा व्हिसा मिळतो, तो मी केला. २०२२ च्या नोव्हेंबरात ती आली.

डिसेंबर बरा गेला. बर्फ बघायला मजा आली, नातीबरोबर बर्फाचा गणपती झाला. जानेवारीत उणे २० लागलं आणि आईचे गुडघे त्या लोखंडी जिन्याला घाबरले. मग ती घरातच. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. आई खिडकीशी बसायची. महिन्याभरात तिला गल्लीची जेवढी माहिती झाली तेवढी मला बारा वर्षांत नव्हती. कोण कुत्र्याला किती वाजता नेतो, कुणाची गाडी सुरू होत नाही, पोस्टमन कुठल्या जिन्यावर कठडा धरतो. समोरच्या तळमजल्यावर एक इटालियन आजी एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांची आणि आईची मैत्री झाली, एक शब्दही समान नसताना. मुलगी फ्रेंच शाळेत जाते, ती दुभाषी. आईने नारळाच्या वड्या पाठवल्या, तिकडून टोमॅटोच्या सॉसची बाटली आली. आपण आमसुलं घालून ठेवतो ना, तसा त्या सप्टेंबरात वर्षाचा सॉस करून ठेवतात. रोज सातला त्यांचा पडदा उघडायचा, आई हात करायची, त्या हात करायच्या.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री मोठं वादळ झालं. सकाळी गुडघाभर बर्फ होता आणि अजून पडतच होता. मी घरूनच काम करत होते. आठला आई म्हणाली, "समोरचा पडदा उघडला नाही." मी म्हटलं, झोपल्या असतील. सव्वाआठला ती पुन्हा म्हणाली, "दाराबाहेर पाऊल उमटलेलं नाही. तू फोन लाव." फोन वाजत राहिला. पलीकडच्या पोर्तुगीज काकांकडे त्यांची किल्ली असते. काका, माझा नवरा आणि मी बर्फ तुडवत गेलो. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या, शुद्धीवर. खुब्याचं हाड मोडलं होतं. पहाटे पाचपासून तशाच पडून होत्या.

अँब्युलन्स आली, पण कोपऱ्यापर्यंतच. गल्लीचा नंबर अजून यायचा होता, आणि अशा सकाळी मोठे रस्ते आधी मोकळे करायचे हेच बरोबर आहे. सायरन ऐकून लोक खिडक्यांत आले. दोन मिनिटांत खाली आले, फावडी घेऊन. कुणी कुणाला हाक मारली नाही. दहा-बारा जण होते, त्यातल्या चौघांची नावं मला आजही माहीत नाहीत. कोपऱ्यापासून आजींच्या दारापर्यंत आम्ही स्ट्रेचर जाईल एवढी वाट खणली, एकाने मागून मीठ टाकलं. आई वरून खिडकीतून बघत होती. आजींना नेताना त्यांनी मान वळवून वर पाहिलं आणि आईला हात केला.

नंतर दोन दिवस आई गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझं परतीचं तिकीट काढ."

मला वाटलं, ती घाबरली. तसं नव्हतं. ती म्हणाली, "त्यांच्या खिडकीकडे बघायला मी होते. त्यांनी त्या गल्लीत पन्नास वर्षं काढली, किल्ली शेजारी ठेवली, सॉस वाटला. मला हे इथे आता नव्याने करायला वेळ नाही. माझं ते चिपळूणला करून झालंय." मी पुराची आठवण दिली. तिने विचारलं, "पुरात मला वरच्या मजल्यावर कुणी नेलं?" ते दोघं आज या सभागृहात बसलेत. छातीएवढ्या पाण्यातून आले होते. नाव घेऊ नकोस असं त्यांनी बजावलंय, म्हणून घेत नाही.

मला तिचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही, हे मी तिच्यासमोरच सांगते. ती पहिल्या रांगेत आहे आणि मान हलवते आहे. जुलै आला की मी इथल्या नदीच्या पातळीच्या बातम्या उघडून बसते, माझं कामात लक्ष लागत नाही. पाणी पुन्हा आलं तर मी दोन विमानं आणि एक दिवस लांब आहे. वाशिष्ठीला आईचं वय माहीत नाही. पण मी तिकीट काढलं. एप्रिलमध्ये ती परतली.

तेव्हापासून रोज सकाळी सात-सव्वासातला आपल्यातलाच एक जण दुकान उघडायला जाताना आमच्या घरावरून जातो आणि मला एका शब्दाचा मेसेज करतो: "उघडली." म्हणजे रस्त्याकडची खिडकी. हिवाळ्यात माझ्याकडे तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ-पावणेनऊ झालेले असतात, मी भांडी घासत असते. तो बाहेरगावी जातो तेव्हा त्याची बायको मेसेज करते. मी कधी सांगितलं नव्हतं. बाकीच्यांनाही एक विनंती आहे. आपल्यापैकी निम्मे जण पुणे-मुंबईत किंवा आणखी लांब आहेत आणि बऱ्याच जणांचे आईवडील इथेच आहेत. आजच्या जेवणाच्या सुट्टीत ज्यांना जमेल त्यांनी एक यादी करू या: कुणाच्या घराची किल्ली कुणाकडे आहे. नसेल तर आजच द्या.

समोरच्या आजी मे महिन्यात घरी आल्या. आता काठी घेऊन चालतात. त्यांचा जिना माझी लेक झाडते, महिना दहा डॉलर घेते, त्या पंधरा देतात. दर रविवारी आईची आणि त्यांची व्हिडिओवर भेट होते. एक इटालियन बोलते, एक मराठी, आणि अर्धा तास पुरत नाही. काल आईने त्यांना या हॉलची सजावट दाखवली. त्यांनी फोन खिडकीकडे धरला. पंधरा सेंटिमीटर पडलाय, आमच्या बाजूला नारिंगी पाट्या लागल्यात, आणि आमची गाडी पोर्तुगीज काकांनी हलवून ठेवली आहे.